वर्गातली एक भिंत आम्हाला द्या
नाशिकमधल्या शाळांचे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक यांना खुलं पत्र

आदरणीय महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमध्ये जर्मन शिकवते. सकाळी शाळेत आठवी ते दहावीचे वर्ग, संध्याकाळी मोठ्यांची बॅच. हे पत्र कुणा एका शाळेला उद्देशून नाही, तुम्हा सगळ्यांना आहे. कारण मला जे सांगायचं आहे ते मी या शहरातल्या एकाहून अधिक शाळांत पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत आठवीच्या मुलांनी वर्गभर पाट्या लावल्या होत्या. दारावर ‘डी ट्यूर’, खिडकीवर ‘डास फेन्स्टर’, माझ्या टेबलावर ‘डेर टिश’. पंख्याच्या बटणाखाली, कपाटावर, डस्टरवरसुद्धा. अक्षर मुलांचं, कार्डशीट कापली मुलांनीच. महिनाभर वर्गात येणारं प्रत्येक मूल दाराला हात लावून ‘डी ट्यूर’ म्हणत आत यायचं. मग तपासणी आली. आदल्या दिवशी भिंतींना रंग लागला आणि सगळ्या पाट्या खरवडून कचऱ्याच्या डब्यात गेल्या. मी विचारायला गेले तर उत्तर मिळालं, “मॅडम, वर्ग स्वच्छ दिसायला हवा ना.” कुणी मुद्दाम वाईट वागलं असं मी म्हणत नाही. पण त्या माणसाच्या लेखी तो पसारा होता आणि माझ्या लेखी ते त्या महिन्याचं सगळं शिकवणं होतं. पुढच्या सोमवारी एक मुलगी दाराशी थांबली, रंगाच्या वासातच त्या रिकाम्या जागेवर तिनं बोट टेकवलं, ‘डी ट्यूर’ म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली. तिचा शब्द पक्का झाला होता. तिच्या मागून आलेल्या तुकडीला मात्र ती भिंत मिळाली नाही.

आपल्याकडे परका शब्द शिकवायची रीत ठरून गेली आहे. फळ्याच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. मुलं उतरवून घेतात, घरी दहा-दहा वेळा लिहितात, चाचणीत दहापैकी नऊ मिळवतात. दोन आठवड्यांनी तोच शब्द विचारला की सगळा वर्ग छताकडे बघतो. हेरमान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये विसरण्याचा आलेख मांडला. पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्या काही तासांतच निसटतं, हे त्यात दिसलं. त्यानं पाठ केल्या होत्या त्या निरर्थक अक्षरजोड्या. आणि खरं सांगायचं तर डोळ्यांसमोर काहीच उभं न करणारा परका शब्द मुलासाठी तशीच एक अक्षरजोडी असतो.

शिवाय अर्थ सांगितला म्हणजे शब्द कळला, हेही दर वेळी खरं नसतं. ‘गेहेन’ म्हणजे जाणे, असं मी वर्षानुवर्षं लिहून देत आले. मग मुलगा निबंधात लिहितो की माझे बाबा रोज सीबीएस बसस्थानकावरून नाशिकरोडला कामावर ‘गेहेन’ करतात. जर्मन माणसाला वाटेल की हे गृहस्थ रोज पायी जातात; कारण पायी जाणं तेवढं ‘गेहेन’, बसनं, रिक्षानं, गाडीनं जायचं तर ‘फारेन’. मराठीत दोन्हीला जाणेच. मी हा फरक समजावून सांगायचे, मुलं माना डोलवायची आणि वहीत पुन्हा तीच चूक यायची. आता मी फळ्यावर फक्त दोन चित्रं काढते. एकात हातात तांब्या घेऊन गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, निघालेली आजी, दुसऱ्यात सिटी बसच्या खिडकीतून बाहेर बघणारं डोकं. पहिल्याखाली गेहेन, दुसऱ्याखाली फारेन. समजावणं संपलं. भिंतीचंही असंच आहे: खोलीची आतली भिंत ‘वान्ट’, बाहेर उभी असलेली कुंपणाची किंवा किल्ल्याची ‘माउअर’. अर्थाच्या रकान्यात दोन्ही ठिकाणी ‘भिंत’ लिहिलं की फरक तिथेच मेला.

माझी एक मैत्रीण जपानी शिकवते. आपण सदरा घालतो, पँट घालतो, टोपी घालतो, चपलाही घालतो. जपानीत कमरेच्या वरचे कपडे घालायचे तर ‘किरु’, पँट आणि पायांतलं ‘हाकु’, डोक्यावरचं ‘काबुरु’. ती फळ्यावर एक माणूस काढते आणि त्याच्याकडे तीन बाण ओढते. तेवढ्यानं भागतं.

यात माझं नवं काही नाही. कोमेनियस या मोराव्हियातल्या शिक्षकानं १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला मुलांसाठी एक सचित्र पुस्तक छापलं होतं. वर चित्र, खाली लॅटिन आणि जर्मन मजकूर, आणि चित्रातल्या प्रत्येक वस्तूवर आकडा. तोच आकडा मजकुरातल्या शब्दापाशी. मूल बोट चित्रावर ठेवून शब्द शोधायचं. पुढे कॅनडातल्या ॲलन पाइव्हिओ या मानसशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये यामागचं कारण मांडलं. त्याचं म्हणणं असं की मन शब्द एका वाटेनं साठवतं आणि प्रतिमा दुसऱ्या वाटेनं. दोन्ही वाटांनी पोचलेली गोष्ट आठवायला सोपी जाते. एक वाट बुजली तरी दुसरी असते.

आता माझ्या वर्गातलं सांगते. नववीतला एक मुलगा निफाडकडून एस.टी.नं येतो. मागच्या बाकावर बसायचा, विचारल्याशिवाय बोलायचा नाही. आमच्या पुस्तकातला फळांचा धडा त्याला परकाच होता. त्यात नाशपती होतं, चेरी होती, आणि चेरी म्हणजे केकवर लावतात ती लाल गोळी एवढीच वर्गाची ओळख. फेब्रुवारीत मी म्हटलं, उद्या घरून एखादं फळ आणा. हा मुलगा स्टीलच्या डब्यात द्राक्षांचा अख्खा घड घेऊन आला, देठासकट आणि काडीच्या तुकड्यासकट. मी फळ्यावर घड काढला तर तो पहिल्यांदाच आपणहून उठला. “मॅडम, घड असा गोल नसतो. वर रुंद, खाली निमुळता.” त्यानंच खडू घेऊन माझं चित्र दुरुस्त केलं. मग आम्ही कोमेनियससारखे आकडे टाकले: वेल ‘रेब’, देठ ‘श्टील’, घड ‘ट्राउब’, मणी ‘बेअर’, पान ‘ब्लाट’. त्यानं वर्गाला एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळांसाठी) मराठीत समजावून सांगितली आणि मी फळ्याच्या कडेला ‘कापणे’ हे क्रियापद लिहिलं. तासाच्या शेवटी मणी वाटले. ज्याला मणी हवा त्यानं तो जर्मनमध्ये मागायचा, एवढीच अट. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये मी नुसता रिकामा डबा टेबलावर ठेवला. पाचही शब्द आले, आणि त्या मुलानं ते सांगितले नाहीत, इतरांनी सांगितले.

जर्मन शिकवणाऱ्यांचा सगळ्यांत अवघड भाग म्हणजे डेर, डी, डास, नामाआधी येणारे आणि त्याचं लिंग सांगणारे तीन शब्द. यात आपली मुलं नशीबवान आहेत. हिंदीत नपुंसकलिंग नाही. आपल्याकडे तो, ती, ते तिन्ही शाबूत आहेत, त्यामुळे निर्जीव वस्तूलाही लिंग असतं हे मराठी मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. फक्त जुळत नाही. मी पिशवीतून घरचा चमचा, काटा आणि सुरी नेते. मराठीत चमचा तो, काटा तो, सुरी ती. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी: डेर ल्योफल, डी गाबल, डास मेसर. एकाच ताटाशेजारी तिन्ही लिंगं. जर्मन शिकवणारे बरेच जण डेरला निळा, डीला लाल आणि डासला हिरवा रंग देतात. मीही देते. ‘डास’ म्हटलं की आमचा वर्ग हमखास हसतो. एका मुलीनं हिरव्या चौकटीच्या कोपऱ्यात बारीकसा डास काढून ठेवला आणि आता आमच्या सगळ्या नपुंसकलिंगी चित्रांवर तो बसलेला असतो.

या रंगांत माझीही एक चूक झाली, ती सांगायला हवी. कारण चित्र लावलं की काम झालं असा तुमचा समज मला करून द्यायचा नाही. पहिल्या वर्षी मी चित्रंही रंगीत काढली आणि चौकटीही रंगीत. हिरवी द्राक्षं, भोवती लाल चौकट. चाचणीत अर्ध्या वर्गानं ‘डास ट्राउब’ लिहिलं. मुलांना हिरवा रंग बरोबर आठवला होता, फक्त तो द्राक्षांचा होता, चौकटीचा नव्हता. तेव्हापासून चित्र काळ्या पेन्सिलीचं आणि रंग तेवढा चौकटीला. कांद्याला मात्र मी सूट दिली आहे. ‘डी त्स्वीबल’ची चौकट लाल आणि आपला लासलगावचा कांदाही लाल, तिथे दोन्ही रंग एकमेकांना मदतच करतात.

दुसरी गोष्ट कळायला मला त्याहून जास्त वेळ लागला. चित्रावर शब्द आधीच छापलेला असेल तर मूल चित्र बघतच नाही, अक्षरं वाचतं आणि इंग्रजीच्या सवयीनं वाचतं. ‘डी’ हा शब्द रोमन लिपीत दिसला की आमच्याकडे तो ‘डाय’ होतो, आणि एकदा डाय झालेला डी दहावीपर्यंत डायच राहतो. म्हणून आधी चित्र, मग माझा आवाज, मग मुलांचा आवाज, आणि लेखी शब्द दुसऱ्या दिवशी. पर्यवेक्षक वर्गावर येतात तेव्हा नेमका पहिला दिवस असतो, वहीत काहीच नसतं आणि शेरा मिळतो, ‘लेखनकार्य अपुरे’.

नामांचं बरं असतं, वस्तू समोर ठेवता येते. क्रियापदाला एक चित्र पुरत नाही. पळणाऱ्या मुलाचं चित्र दाखवलं तर एक जण म्हणतो शर्यत, दुसरा म्हणतो उशीर झालाय, तिसरा म्हणतो कुत्रा मागे लागलाय. आपल्या शाळांच्या सहली पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या फाळके स्मारकात जातात. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी आपला पहिला कथापट करण्याआधी, १९१२ मध्ये, वाटाण्याच्या दाण्याचं रोप होताना थोडं थोडं टिपून एक छोटी फिल्म केली होती. वाढणे हे क्रियापद याहून चांगलं कसं दाखवणार? आम्ही ते मटकीवर केलं. ओल्या फडक्यात मटकी, रोज त्याच वेळी एक चित्र, चार दिवसांची चार चित्रं एका ओळीत आणि खाली ‘वाक्सेन’. चौथ्या दिवशी मोड आलेल्या मटकीची मिसळ कुणाच्या तरी आईनं करून पाठवली.

आणि जिथे चित्र चालत नाही तिथे मी हट्ट करत नाही. ‘ट्रोत्सडेम’ म्हणजे तरीही. याचं चित्र काढायला बसलं तर तास वाया जाईल आणि मुलं भलताच अर्थ घेऊन घरी जातील. सरळ मराठीत सांगावं, दोन वाक्यं करून घ्यावीत, पुढे जावं. जबाबदारी, सवय, अनुभव यांचंही तेच. मराठीची मदत घेणं म्हणजे काही कमीपणा नाही. उलट नात्यांच्या धड्यात मराठी आणि चित्र दोन्ही लागतात: मी वंशवृक्ष काढते, मुलं त्यात काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान लिहितात, आणि मग त्या चारही फांद्यांवर एकच शब्द चिकटवायचा असतो, ‘ओंकल’. मुलांना ते पटतच नाही. ‘मॅडम, मामा आणि काका एक कसे?’ या प्रश्नावर आमचा अर्धा तास छान जातो.

आता तुमच्याशी थेट बोलते. तुम्ही पैसे खर्च करत नाही अशी माझी तक्रार मुळीच नाही. मोठमोठे डिजिटल फलक आले आहेत, बाजारातले चकचकीत तक्ते आले आहेत. पण त्या तक्त्यावर एका वेळी वीस फळं असतात, वीस प्राणी असतात. थॉमस टिंकहॅम या संशोधकानं १९९३ मध्ये प्रयोग करून दाखवलं की अर्थानं एका गटातले नवे शब्द एकदम दिले तर ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला जास्त वेळ लागतो. १९९७ मध्ये त्यानंच दाखवलं की एखाद्या प्रसंगाभोवतीचे शब्द मात्र सोपे जातात. आमच्या द्राक्षाच्या तासाला हेच झालं होतं. वेल, देठ, मणी, कापणे हे शब्द वेगवेगळ्या जातीचे, पण एकाच बागेतले. वीस फळांचा तक्ता दिसायला भरगच्च, पण त्याच्याकडे पाहून मूल सफरचंद आणि नाशपती यांची अदलाबदल करायला शिकतं. आणि डिजिटल फलकावरचं चित्र पुढचं चित्र आलं की जातं. मला तो फलक हवाच आहे, उच्चार ऐकवायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण शब्द मुरायला तो आठवडाभर नजरेसमोर राहावा लागतो, आणि तिथे भिंतच लागते.

डी.एड., बी.एड.ला असताना आपण सगळ्यांनीच सराव पाठांसाठी शैक्षणिक साहित्य केलं होतं. रात्र-रात्र जागून केलेले ते तक्ते, शब्दपट्ट्या, पुठ्ठ्याची घड्याळं आठवतात का? पाठ झाला, गुण मिळाले, आणि नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी कळलं की आता पोर्शन संपवायचा असतो. साहित्य वापरणारा शिक्षक आपल्याकडे हौशी ठरतो. वहीची पानं भरणारा शिक्षक कामसू ठरतो.

संध्याकाळच्या बॅचबद्दल थोडं लिहिते, कारण तुमचीच मुलं पुढे माझ्याकडे तिथे येतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला आणि तेव्हापासून नर्स, इलेक्ट्रिशियन, फिटर अशी मंडळी जास्त दिसू लागली. पहिल्या पातळीच्या परीक्षेसाठी गोएथे संस्थेच्या, म्हणजे जर्मन भाषेच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या, शब्दयादीत साधारण ६५० शब्द आहेत, तिसऱ्या पातळीला साधारण २४००. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला हे रकाने पाठ करायला सांगणं मला जिवावर येतं. अंबडच्या कारखान्यातला एक फिटर एकदा ‘डी मुटर’ या शब्दावर अडला. आई हा अर्थ त्याला माहीत होता, पण अवजारांच्या धड्यात आई कुठून आली? मी काही बोलायच्या आत त्यानं खिशातून एक नट काढून टेबलावर ठेवला, कारण चित्रात बोल्टावर काय बसवलंय ते त्यानं ओळखलं होतं. जर्मनमध्ये नटालाही मुटरच म्हणतात. अनेकवचन तेवढं वेगळं: आया ‘म्युटर’, नट ‘मुटर्न’. तो तेलकट नट हातोहात वर्गभर फिरला. बारा जणांतला एकही जण हा शब्द पुन्हा विसरला नाही. मला तेव्हा वाटलं, हा माणूस शाळेत असताना त्याला कुणी वस्तू हातात घेऊन भाषा शिकू दिली असती तर आज पस्तिशीत त्याला परक्या भाषेची एवढी धास्ती वाटली नसती.

माझं मागणं फार नाही. भाषेच्या वर्गातली एक भिंत आमच्या ताब्यात द्या, सॉफ्टबोर्ड लावून किंवा न लावता, आणि तपासणीच्या दिवशीही ती तशीच राहू द्या. कुलपाचं एक कपाट द्या. चमचे, बाहुल्या, जुनी तिकिटं, रिकामे डबे मी रोज पिशवीतून आणते आणि परत नेते, माझा खांदा दुखतो. कार्डशीट, स्केचपेन, चिकटपट्टीचा खर्च महिन्याला पाचशेच्या आत असतो, तोही बहुतेक भाषा शिक्षक स्वतः करतात. आठवड्यातून एक तास तयारीसाठी मोकळा ठेवा, आणि त्या तासाला आम्हाला बदली तासावर पाठवू नका. सत्रातून एकदा मुलांना भाजीबाजारात न्यायची परवानगी द्या. चित्रकलेच्या शिक्षकांना आमच्याबरोबर बसू द्या. माझ्या चित्रातल्या आजीच्या हातातला तांब्या अजून किटलीसारखाच दिसतो. आणि वही कोरी दिसली तर शेरा लिहिण्याआधी मुलाला एखादी वस्तू दाखवून नाव विचारा.

यातलं काहीच जमणार नसेल तर निदान वर्गावर या. पुढच्या सोमवारी दुसऱ्या तासाला नववीला स्वयंपाकघराचा धडा आहे. मागच्या बाकावर त्या निफाडच्या मुलाची जागा आता रिकामी असते, तो पुढे येऊन बसतो. तिथे बसा. मुलं तुमच्याही हातात चमचा देतील आणि नाव विचारतील.

आपली नम्र,
नाशिकमधली एक जर्मन शिक्षिका